तिसरा डबा

तिसरा डबा पुन्हा घसरला. त्याच वळणावर, तसाच, आडवा.

"बघितलंस?" मायक्रोमीटर म्हणाला. "इंजिन जातं, पुढचे दोन डबे जातात, आणि हा मेला बरोबर इथंच लोळण घेतो."

मायक्रोमीटर हे त्याचं कारखान्यातलं नाव. छत्तीस वर्षं लेथवर उभा राहिला. केसाच्या जाडीचीसुद्धा चूक केली नाही, आणि केली असली तर कबूल केली नाही. त्याची बायको घरीच शिवणकाम करायची. तिच्या मशीनसमोर दाराएवढी फळी होती, मागून भिंतीला बिजागऱ्या, पुढून दोन पाय. फळीवर रूळ, आणि रुळांवर ही लग्नाआधीची छोटी आगगाडी. तिला खेळणं म्हटलेलं त्याला खपत नसे.

महिनाभर हेच चाललं होतं. त्याने चाकांमधलं अंतर मोजलं. बरोबर होतं. डबे जोडणारे आकडे सरळ केले. रुळांचे सांधे कानसून गुळगुळीत केले. डबा हलका पडतोय म्हणून आत शिशाचा तुकडा चिकटवला, तर डबा घसरायचा तो घसरलाच, वर जास्त जोरात आपटला.

"एकदा फळी तपासा की," तिने सुचवून पाहिलं.

"फळीचं नाव काढू नकोस. ती मी स्वतः बुडबुड्याची लेव्हल लावून बसवलीय."

आज मात्र त्याने हातातला चिमटा खाली ठेवला आणि बोटं डोळ्यांसमोर धरून बघितली.

"गाडीत दोष नाही गं. हात गेले माझे. जे नीट करायला जातो ते बिघडतं."

आणि भाच्याला फोन लावून मोकळा झाला. संध्याकाळी ये, गाडी घेऊन जा.

तिने मशीन थांबवलं. गाडीचं तिला काही नव्हतं. तिच्यावरची धूळ पुसून ती केव्हाच कंटाळली होती. पण मागच्या आठवड्यात त्याने शेजारणीचा मिक्सर न उघडताच परत पाठवला होता. परवा मशीनला तेल घाला म्हटलं, तर "तूच घाल" म्हणाला. आज गाडी. मग उरलं काय? खुर्ची, आणि खुर्चीतला हा.

तो सुतळी आणायला खाली उतरला. शेवटचं बघून घेऊ, म्हणून तिने बटण दाबलं आणि वळणाच्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून ती वाकली.

गाडी आली, वळली, गेली. तिसऱ्या डब्यासकट.

पुन्हा आली, पुन्हा गेली. चारदा! तेवढ्यात दूध उतू जायला लागलं. ती धावली, आणि मागे धाडकन आवाज झाला.

गॅस बंद करून ती परत आली. डबा उचलून रुळांवर ठेवला. टेकली, गाडी गेली. हात काढले, डबा आडवा.

तिला तिची गिऱ्हाइकं आठवली. माप देताना श्वास ओढून पोट आत घेतात, आणि मग शर्ट आवळतो म्हणून भांडायला येतात. माप घेताना अंग जसं, तसंच कापड बेतलं जाणार! फळी बसवली त्या दिवशी हा याच कोपऱ्यावर ओणवा झाला होता. एक डोळा मिटलेला, हातात लेव्हल, आणि सगळं पोट फळीवर. पोटाने फळी दबली, म्हणून पायावर चकती घालून त्याने कोपरा उचलला. पुढे रोज गाडी चालवली ती पोट टेकूनच. मग यंदा डॉक्टरांनी सांगितलं, तिने अंमल केला, आणि आठ महिन्यांत चौदा किलो उतरले. पोट गेलं, उचललेला कोपरा मात्र वरच राहिला.

तो सुतळी घेऊन आला.

"इकडे या. पूर्वी टेकवायचात तसं इथं पोट टेकवा."

"हा काय चावटपणा?"

"टेकवा हो!"

तो बिचारा वाकला, आणखी वाकला. "टेकत नाही गं आता."

मग तिने स्वतः टेकून गाडी नेऊन दाखवली. हात काढून पाडून दाखवली. खणातून लेव्हल काढून कोपऱ्यावर ठेवली आणि त्याला दोन पावलं मागे उभं केलं. नळीतला बुडबुडा सरकत सरकत पार कडेला गेला.

मायक्रोमीटर बुडबुड्याकडे बघत राहिला. ती मनातून चरकली. या माणसाची चूक आजवर कोणी दाखवली नव्हती. आता दोन दिवस अबोला, आणि जेवणावर राग.

"ही फळी मी केव्हा बसवली?" त्याने हळूच विचारलं.

"धाकटी झाली त्या वर्षी. चौतीसचे होता तुम्ही. पोट तेव्हाच सुटलं होतं."

तो तडक फळीखाली शिरला. कागदाएवढी पातळ चकती चिमट्याने ओढून काढली, दोन बोटांत धरून कानशीवर घासली, डोळ्यापुढे धरली, पुन्हा घासली, सरकवून बसवली. तिने वाकून बघितलं. त्याचं बोट जराही हलत नव्हतं.

बटण दाबलं. कोणी टेकलं नव्हतं, कोणी श्वासही घेतला नव्हता. तिसरा डबा वळणावरून चालत गेल्यासारखा गेला.

बेल वाजली. दारात भाचा.

"मामा, गाडी न्यायला आलो. पण तुम्ही एवढे हसताय का?"

"गाडीबिडी काही मिळायची नाही!" केसांतली धूळ झटकत मायक्रोमीटर ओरडला. "अरे, चूक माझीच निघाली! आणि आत्ताची नाही रे, चौतिसाव्या वर्षी केलेली!"