मुठीचा तांदूळ

स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ गरिबांसाठी पिशवीत टाकायचा, ही चर्चमधल्या बायकांची रीत. या महिन्यात प्रमिळाबाई रोज विसरल्या आणि शेवटी डब्यातला किडलेला तांदूळ पिशवीत ओतून मोकळ्या झाल्या.

आज त्या एकट्या राहणाऱ्या एस्तरआजींना भेटायला आल्या, तर आजींनी हाताला धरून जेवायलाच बसवलं. ताटात भात वाफाळत होता. चुलीपाशी प्रमिळाबाईंनीच शिवलेली निळी पिशवी धुऊन वाळत घातली होती.

"चर्चमधून आलाय," आजी म्हणाल्या. "जरा किडे होते, निवडले. कुणा माउलीनं तोंडचा घास काढून दिलाय बघा. तिच्यासाठी तुम्हीच प्रार्थना करा."

प्रमिळाबाईंनी डोळे मिटले. समोर आजी हात जोडून 'आमेन' म्हणायला थांबल्या होत्या.