अकरा क्रमांकाचा गुडघा

"गुडघा अजून साथ देत नाहीये, सर. या वेळी माझं नाव नको." एवढं तिनं प्रशिक्षकांसाठी मोबाइलवर लिहिलं, पण पाठवलं नाही. निवड चाचणीची यादी पाचला बंद होणार होती आणि आत्ता कुठे तीन वाजले होते. उजव्या हातानं मांडीवर दोनदा थोपटून ती उठली आणि प्रयोगशाळेत गेली.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत लांब उडी हेच तिचं जग होतं. मग एका उडीत उजवा गुडघा फिरला, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तो बरा झाल्याचं कधीच सांगून टाकलं. पण पळत उडी घ्यायच्या फळीपाशी आलं की गुडघा बोंब मारायचा. शेवटी तिनं विद्यापीठात खेळाडूंच्या शरीराचा आणि मनाचा अभ्यास सुरू केला. आई म्हणायची, "स्वतःचा सोडून गावभरचे गुडघे बघत बस."

"ही अकरा क्रमांकाची फाइल," प्रयोगशाळेत तिला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "उडी कशानं बिघडते ते शोध. आणि लिहिताना भीड ठेवू नकोस."

तिनं स्टीलची बाटली टेबलावर ठेवली. अभ्यासक्रमाच्या पहिल्या आठवड्यात इथंच पडून पोचा आला, तेव्हापासून ती तिरकीच उभी राहायची. त्या आठवड्यात सगळ्यांनी एकमेकांच्या अंगावर चकचकीत ठिपके चिकटवले होते, उड्या मारल्या होत्या, वहीत सह्या केल्या होत्या. क्रमांक मॅडमनी मागाहून घातले. मग विद्यापीठाचे खेळाडूही येऊन मोजून जाऊ लागले. कॅमेऱ्याला फक्त ठिपके दिसत, चेहरा नाही.

पडद्यावर ठिपक्यांचा माणूस चौथऱ्यावर उभा राहिला. डाव्या हातानं मांडीवर दोनदा थोपटून त्यानं खाली उडी मारली. जमिनीत बसवलेल्या, भार मोजणाऱ्या पाटीवर डाव्या पायाचा भार उजव्याच्या निम्माही नव्हता. सहाही उड्यांत तेच.

"थोपटतोय काय, नाटकी," ती पुटपुटली.

फाइल तिथंच संपायला हवी होती, पण कॅमेरा बंद करायचं कुणीतरी विसरलं होतं. तो माणूस पुन्हा चौथऱ्यावर चढला. तेवढ्यात काहीतरी पडलं असावं. ते पकडायला त्यानं सरळ खाली उडी घेतली. या वेळी दोन्ही पायांवर सारखाच भार होता.

तिनं आकडे तीनदा पाहिले. मग तिला त्याचा रागच आला. धडधाकट पाय घेऊन हा बसून राहिलाय, आणि इथं तिच्यासारखे खरंच अडकून पडलेत.

तिनं लिहिलं: "डावा गुडघा ठणठणीत आहे. उडी मारायची आहे हे लक्षात असलं की पाय भार घेत नाही, विसरलं की घेतो. दुखणं गुडघ्यात नाही, भीतीत आहे. ताबडतोब मैदानावर पाठवावं."

मॅडमनी कागद शांतपणे वाचला.

"हे त्याला तोंडावर सांगशील?"

"सांगेन की. कुणीतरी कान उपटायलाच हवेत."

"ओळखीचा निघाला तर?"

"मग तर आधी सांगेन. उगाच वर्षं वाया घालवतोय."

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. मोबाइलवरचा निरोप अजून तसाच होता. आता तो पाठवून टाकावा असं तिला वाटलं.

"दोन मिनिटं थांब," मॅडम म्हणाल्या. "ओळख पटू नये म्हणून मी फाइली आरशातल्यासारख्या उलटवून देते." त्यांनी एक कळ दाबली. पडद्यावरचा डावा पाय उजवा झाला, थोपटणारा हातही उजवा झाला.

मग त्यांनी पहिल्या आठवड्यातली वही उघडून तिच्यापुढे सरकवली. अकरा क्रमांकापुढे तिचीच सही होती.