एक वर, एक खाली

"जुई, तुझ्या वेण्या मी घालायचो. एक वर, एक खाली. तरी तू ऐटीत शाळेत जायचीस," रिसेप्शनच्या माईकवर वधूपित्याने कागदावरून वाचलं आणि हॉल खळखळून हसला.

भाषण पैसे देऊन लिहून घेतलेलं होतं. लिहून देणाऱ्या बाईंनी फोनवर विचारलं होतं, "लेकीच्या लहानपणीची तुमची एखादी आठवण सांगा ना." पण लेकीचं लहानपण बापाने मस्कतला नोकरीत काढलं होतं. आई नसलेल्या पोरीची शाळेची तयारी रोज तिचा मामा करायचा. शेवटी त्याने वेण्यांची आठवण सांगितली, फक्त मामाच्या जागी स्वतःला घातलं.

आता टाळ्या वाजत होत्या. शेजारी उभी असलेली जुई मात्र हसत नव्हती. ती पहिल्या रांगेतल्या मामाकडे बघत होती. बापाने घाईघाईने कागदात डोकं घातलं, पण पुढची ओळच सापडेना.

मामाच्या शेजारी बसलेल्या, व्याह्यांकडच्या काकूंनी कौतुकाने विचारलं, "खरंच का हो, तुमचे दाजी वेण्या घालायचे?"

प्रश्न स्टेजपर्यंत ऐकू आला; बापाने कागदातून डोकं वर काढलं.

"तर काय!" मामा म्हणाला. "फणी मीच द्यायचो ना त्यांच्या हातात."