विमानाचं औक्षण

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दिल्लीच्या विमानतळाजवळ, द्वारका भागातल्या एका सोसायटीच्या गच्चीवरून नागपूरहून येणाऱ्या विमानाला ओवाळण्यात आलं.

ओवाळणारी सुरेखा. शेजारी कानटोपी घालून तिचा नवरा विनय. विमानात, पुढे उजव्या हाताच्या खुर्चीत, त्यांची मुलगी मयुरा. सहवैमानिक झाल्यापासून दिल्लीला ती पहिल्यांदाच विमान घेऊन येत होती. घरी मात्र येणार नव्हती. उतरायचं, प्रवासी बदलायचे आणि लगेच परत नागपूर. नव्या स्वस्त कंपन्यांची विमानं जमिनीवर बसून राहत नसत.

सुरेखाला हे पटलं नव्हतं. पोरगी एवढं मोठं काम करून गावात येणार आणि तिला दारात कोणी ओवाळणार नाही, हे कसं चालेल?

"गच्चीवरून ओवाळीन," ती सकाळी म्हणाली होती.

"आणि निरांजन दिसणार तिला? पायलट आहे ती, घार नाही."

"मग दिसेल असं काहीतरी आणा. ऑफिसात हजार वस्तू असतात तुमच्या."

विनयने आणला तो लेझर पॉइंटर. गुडगावच्या ऑफिसात पडद्यावरचे आकडे दाखवायला तो वापरत असत. पेनाएवढा होता आणि त्याचा उजेड हिरवा होता.

डिसेंबरचं धुकं खाली उतरलं होतं. समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतींचे खालचे मजले दिसत नव्हते. वरचे दिवे नुसते तरंगत होते. लांबून मेट्रो गेली, पाण्याखालून गेल्यासारखी. सुरेखाने बटण दाबलं आणि तिच्या मुठीतून एक हिरवा धागा निघून थेट आकाशात गेला. इतका ताठ, की धरून वर चढता आलं असतं.

"चलो, आली," विनय म्हणाला.

धुक्यात आधी दोन दिवे उजळले. मग नारिंगी शेपूट दिसली. त्या रंगाची विमानं एकट्या मयुराच्या कंपनीची होती. विमान पाय सोडून सावकाश खाली येत होतं. सुरेखाने डोक्यावरून पदर घेतला आणि हात फिरवायला सुरुवात केली. विमानाभोवती धुक्यात हिरवं कडं उमटलं, विरलं, पुन्हा उमटलं. आवाज अजून पोचला नव्हता. सगळं गुपचूप चाललं होतं, झोपलेल्या लेकराला ओवाळावं तसं.

"झालं ना? थंडी वाजतेय."

"थांबा हो. कुंकू राहिलं."

तिने उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं आणि हिरवा ठिपका विमानाच्या कपाळावर टेकवला. तिथे काचा होत्या. ठिपका मोठा होऊन काचांवर पसरला. तिने तो हलू दिला नाही.

विमानाचं नाक एकदम वर झालं. इंजिनं गरजली. खाली जायच्या ऐवजी ते गच्चीवरून वर चढत गेलं आणि धुक्यात मिसळलं.

"बघितलंत? ओळखलं तिने," सुरेखा म्हणाली. "सलाम करून गेली."

विनयने अंधारात दोन्ही हात हलवले. मग दोघं खाली आली आणि त्यांनी मयुराच्या नावाने केलेला शिरा खाल्ला.

तासाभराने फोन वाजला, ताटल्या अजून तशाच होत्या. मयुराच होती, विमानतळावरच्या दवाखान्यातून. नागपूरला तिच्याऐवजी दुसरा माणूस गेला होता.

"आई, घाबरू नकोस. खालून कोणीतरी लेझर मारला. विमान मीच उतरवत होते. काच सगळी हिरवी झाली, रनवेच दिसेना. कॅप्टन सरांनी कंट्रोल घेतला आणि विमान वर उचललं. दुसऱ्या फेरीत त्यांनी उतरवलं. मागे दीडशे माणसं होती, यार."

"आणि तू?"

"उजव्या डोळ्यासमोर डाग आहे. जात नाहीये."

विनयने रिसीव्हरला कान लावला होता. त्याने सुरेखाकडे बघून नकारार्थी मान हलवली. ओठांवर बोट ठेवलं.

"मयू, ती मी होते," सुरेखा म्हणाली. "तुला ओवाळत होते."

पलीकडे कोणीतरी हिंदीत पाणी मागत होतं.

"माहीत आहे," मयुरा म्हणाली.

पोलीस तोवर द्वारकेतल्या गच्च्यांवर चौकशी करत फिरत होते. मयुराने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. डॉक्टर सकाळी डोळा पुन्हा तपासणार होते. डाग गेला नाही, तर तिचं विमान चालवणं बंद होणार होतं. जाईल की नाही, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

"माहीत होतं तर डोळे मिटायचेस ना गं," सुरेखा म्हणाली. "तोंड फिरवायचंस."

"कॅप्टन सर तेच म्हणत होते, खाली बघ म्हणून. पण ते हिरवं गोल गोल घुमलं आणि मग समोर येऊन थांबलं. मला वाटलं, आता तू कुंकू लावणार. म्हणून मी कपाळ पुढे केलं."