दुसरी तारीख

मुलीच्या त्या पत्राला मी चार वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ती नर्स. तिच्या वॉर्डातलं एक बाळ दगावलं, तेव्हा तिने विचारलं होतं, "पप्पा, देव शब्द पाळतो ना? तुम्ही एवढं वाचता, तुम्हीच सांगा." मी कितीतरी कागद फाडले, प्रत्येक उत्तर उसनं वाटायचं. मग तिने विचारणंच सोडलं. चर्चलाही जाईनाशी झाली.

"पुस्तकांनी घर भरलंय आणि एक पत्र लिहवत नाही!" बायको टोमणा मारायची.

गेल्या रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचनाची पाळी माझी होती. लग्नात मिळालेली आमची दोन्ही बायबलं सारखीच, त्यामुळे घाईत मी बायकोचं उचललं. उतारा मोशेचा होता. मी जड जिभेचा, असं तो म्हणतो आणि देव त्याला शब्द पुरवायचं वचन देतो. शेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'यांच्यासाठी', आणि खाली मुलीचं पत्र आलं त्या दिवसाची तारीख.

घरी येऊन पानं चाळली. कितीतरी वचनांशेजारी बायकोने दोन तारखा लिहिल्या होत्या, मागितल्याची आणि मिळाल्याची. मोशेपाशी दुसरी जागा कोरी होती.

"चार वर्षं वाट पाहिलीस?" मी विचारलं.

"अब्राहामाने मुलासाठी पंचवीस वर्षं पाहिली. तुम्हीच शिकवता की संडे स्कूलला!"

उभ्या आयुष्यात मला कोणाचा इतका अभिमान वाटला नव्हता. मी लिहिलं, "बाळा, ते मूल का गेलं, मला माहीत नाही. पण देव शब्द पाळतो. तुझ्या आईचं बायबल बघायला ये."

पत्र टपालपेटीत टाकून वळलो, तर सोबत आलेली बायको पर्समधून पेन्सिल काढत होती.