उसवलेली बाही

"चिंधीला गोत विचारू नये, पोरी. मांडीवर आली की ती आपली."

गोधडीवालीच्या हातात पहिल्यांदा सुई दिली, तेव्हा आई म्हणाली होती. आई जाऊन कैक वर्षं झाली, पण कात्री उचलली की तो आवाज आधी कानाशी यायचा, मग हात चालायचा.

आज हाताला उसंत नव्हती. परदेशातल्या या पाहुणचाराच्या दौऱ्यात एका दिवसात चार यजमान घरं. प्रत्येक घरानं जुने कपडे काढून द्यायचे, गोधडीवाली आणि तिची भावजय, दोघींनी तिथेच बसून ते जोडायचे, आणि चारही घरांची मिळून झालेली गोधडी संध्याकाळी सभागृहात टांगायची. सोबतीला दुभाषी मास्तर. ते इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे बोलायचे, म्हणून भावजयीनं त्यांचं नाव राघू ठेवलं होतं.

घर बदललं तरी प्रश्न बदलत नव्हता. चहाचा कप पुढे आला की पाठोपाठ यायचा. "मुलं किती?"

"एक मुलगा. लांब असतो, कामाला." गोधडीवाली मान खाली घालून, दोरा ओवता ओवता सांगायची. राघू तेवढंच पलीकडे पोचवायचे.

दुसऱ्या घरातून निघाल्यावर गाडीत भावजय कानाशी लागली.

"वन्सं, गेलेल्या लेकराला अजून किती दिवस कामाला पाठवणार?"

"परक्याच्या घरी चार घटका आलोय, वहिनी. त्यांच्या चहात आपलं मीठ कशाला?"

भावजयीनं मांडीवरचं चिंध्यांचं बोचकं आवळून बांधलं.

तिसरं घर नर्सबाईंचं. रात्रपाळी करून आलेल्या, डोळे तांबारलेले, पण स्वयंपाकघर लख्ख. दाराशी चपलांचा एकच जोड. पाहुण्या जमिनीवर बसल्या तशा नर्सबाईही खाली बसायला गेल्या, गुडघे करकरले, आणि त्या स्वतःच हसल्या.

"यांच्या गुडघ्यांना दुभाषी लागत नाही हो," भावजय म्हणाली. "अगदी आपलीच बोली बोलतात."

राघूंनी ते सांगितलं, आणि घरभर हसू झालं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चौथ्या घरची माणसं केव्हाची खोळंबली होती. त्यांची समजूत घालायला राघू बाहेर गेले.

नर्सबाईंनी पडद्याचा तुकडा दिला, उशीचा अभ्रा दिला. मग आतल्या खोलीत गेल्या आणि एक निळा सदरा घेऊन आल्या. इस्त्री केलेला, घडी न मोडलेला. काहीतरी बोलत त्यांनी तो गोधडीवालीच्या मांडीवर ठेवला. बाही खांद्याशी उसवली होती, तिथे बोट टेकवून दाखवलं आणि चहाला वळल्या.

गोधडीवालीला वाटलं, इथून फाडायला सोपं जाईल असं सांगतायत. घाई होतीच. तिनं पटापट बटणं तोडून वाटीत टाकली, कॉलर उतरवली, उसवल्या जागी कात्रीचं टोक घातलं आणि पाठ उभी फाडली. टर्रकन.

नर्सबाई त्या आवाजासरशी फिरल्या. किटली हातात तशीच. ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. किटली खाली ठेवली, सावकाश येऊन बसल्या, आणि वाटीतलं एकेक बटण वेचून मुठीत घेतलं.

"वन्सं," भावजय पुटपुटली, "काहीतरी चुकलं."

राघू आले. नर्सबाई त्यांच्याशी हळू आवाजात बोलल्या. राघूंनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अहो, सांगा की!" भावजय म्हणाली.

"त्या म्हणतायत... सदरा गोधडीला नव्हता दिला. बाही तेवढी शिवून हवी होती. मुलाचा आहे त्यांच्या. मागच्या थंडीत गेला तो. त्या स्वतः शिवायला बसल्या की हात चालत नाही. म्हणून म्हटलं, आज शिवणारा हात घरात आलाय."

गोधडीवालीनं फाटलेल्या पाठीच्या दोन्ही कडा एकमेकींना लावून पाहिल्या. शिवता आलं असतं. पाठीवर उभा वण राहिला असता, जन्मभराचा. तिनं ते तुकडे पोटाशी आवळून धरले.

तिचा चेहरा बघून नर्सबाईंनाच कसंसं झालं. त्यांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं.

"मनाला लावून घेऊ नका म्हणतायत," राघू म्हणाले. "विचारतायत, तुम्हाला मुलं किती?" आणि सकाळपासून सांगून सांगून पाठ झालेलं उत्तर ते आपणहूनच द्यायला लागले.

ऐकता ऐकता नर्सबाईंचे डोळे निवले. निदान हिचा तरी आहे, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर उमटायला लागलं होतं.

गोधडीवालीनं राघूंचं मनगट धरलं.

"थांबा, मास्तर. ते नका सांगू."

"मग काय सांगू?"

भावजयीची सुई कापडातच थांबली.

"म्हणावं, माझाही गेला. दोन घरी खोटं सांगून इथवर आले. त्याचे सदरे पेटीत आहेत. सगळ्या जगाच्या चिंध्या जोडल्या मी, पण त्यातल्या एकालाही अजून कात्री लावलेली नाही."