पाय वर

नलिनीबाई पॅसिफिकमधल्या एका एवढ्याशा बेटावर शिकवून आल्या होत्या. तिथली नवी शाळा अगदी समुद्राला खेटून. भरतीचं पाणी वर्गात शिरलं की मुलं न सांगता पाय बाकावर घ्यायची आणि पाढे तसेच पुढे चालू. फारच चढलं तर बाकावर उभी राहायची. शेवटच्या दिवशी बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि पाणी खूप चढलं होतं. त्यापुढचं त्यांना नीट आठवत नसे. विक्रोळीत आल्यापासून हे त्या कुणापाशी बोललेल्याही नव्हत्या.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमधली रखरखीत दुपार. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मुलांना पाढा म्हणायला लावून बाई फळ्यावर गणित लिहीत होत्या. वळून बघतात तर अख्खी चौथी पाय बाकावर घेऊन बसलेली.

“ए, काय चाललंय? पाय खाली घ्या!”

कुणी ऐकलं नाही. पाढा न थांबवता एकेक करत सगळी बाकांवर उभी राहिली.

पहिल्या बाकावरची मालन तेवढी कळवळून म्हणाली, “बाई, टेबलावर चढा ना! मागच्या वेळी पण तुम्ही लिहीतच राहिलात.”